सावळा गुरवाची झील

बातमी आली त्या दिवशी आनसा अंगणात पाटावर शेवया वळत होती. चैत्राचं ऊन अजून भिंतीवरून खाली उतरलं नव्हतं. ते उतरायच्या आत पाट रिकामा करायचा, एवढंच तिच्या मनात होतं. तेवढ्यात बिरू धनगर दाराशी आला आणि त्यानं पाणी मागितलं. पाणी पिऊन झालं तरी तांब्या त्यानं हातातच धरून ठेवला.

"वैनी, शाहीर हायेत का?"

"मळ्यात गेल्यात. का वं?"

"सावळाबा गेला. मेंढरं वर न्हेली हुती, तर देवळाच्या पायरीवर बसल्यागत दिसला. हाक मारली. ओ दिली न्हाई."

आनसाच्या बोटांतली शेवई तुटली. माणूस गेल्याचं कळलं की तोंडून हळहळ निघते. तिच्या तोंडून निघाला तो प्रश्न.

"जाताना काय बोलला का कुनाजवळ?"

बिरूनं तिच्याकडे पाहिलं. "कुनाजवळ बोलंल? दगडाजवळ?" तांब्या ओट्यावर ठेवून तो निघून गेला.

हा सावळा कोण, आणि तो मरताना काय बोलला याची धास्ती शाहिराच्या बायकोला का वाटावी, हे ऐकायचं तर मागं जायला हवं. ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं त्यांची नातवंडंही आता उरलेली नाहीत, इतकं मागं.

मोरशिंग आणि हातनळी ही दोन गावं एकाच ओढ्याच्या दोन काठांवर. पाणी एक, देवी एक, जत्राही एक. फक्त गाणं वेगळं. मोरशिंगचे शाहीर कलगीवाले, ते आदिमायेला थोर म्हणायचे. हातनळीचे तुरेवाले, ते शिवाला थोर म्हणायचे. चैत्रात वाघजाईच्या माळावर दोन्ही फड समोरासमोर उभे राहत. एका शाहिरानं डफावर थाप देऊन गाण्यातून कोडं घालायचं, दुसऱ्यानं गाण्यातूनच ते सोडवायचं. त्या कोड्याला भेद म्हणत. सामना उन्हं कलली की सुरू व्हायचा आणि देवीपुढं दिवा लागायच्या आत संपायचा. बैलगाड्या सोडून माणसं दुरून दुरून यायची. माळावर पाय ठेवायला जागा नसायची. बायका मात्र तिथं नसायच्या. त्यांनी त्या वेळी माळाच्या वर, कड्यावरच्या जुन्या देवळात नैवेद्य घेऊन जायचं, अशी रीत होती.

हरलेल्या फडाला दंड नव्हता. एकच व्हायचं. डफाचं कातडं ताणून बोलावं म्हणून तो निखाऱ्यांवर शेकतात. हरलेल्यांनी पुढच्या जत्रेपर्यंत आपला डफ शेकायचा नाही. थंड डफ ओल्या घोंगडीवर काठी मारल्यासारखा वाजतो. अशा फडाला ना बारशाला बोलावणं येतं, ना बैलपोळ्याला. "त्यांचा डफ थंड हाय," असं कुणाबद्दल म्हटलं की सोयरीकसुद्धा अडायची.

मोरशिंगचा शाहीर होता येसबा, आनसाचा नवरा. आणि त्याच्या मागं उभा राहून झील धरणारा होता सावळा गुरव. शाहीर कडव्याची शेवटची ओळ सोडतो, आणि मागचा झीलकरी ती उंच सुरात उचलून धरतो. ती झील. शाहिराला तेवढ्यात श्वास मिळतो, पुढचं कडवं आठवायला सवड मिळते. झील पडली तर शाहीर पडला.

सावळाची झील पडत नसे. तो सूर धरायचा तेव्हा पाणवठ्यावर गेलेली बाई घागर भरून घरी यायची आणि सूर अजून तिथंच असायचा, असं म्हणतात. त्याच्या सुरानं देवळातली घंटा न हलवता गुणगुणायची. आटलेल्या म्हशीनं पान्हा सोडला, असंही म्हणतात. स्वतःचं पद मात्र त्यानं कधी गायलं नाही. "शब्द शाहिराचा, मी निस्ता त्याला खांदा देतो," असं म्हणायचा. त्यावर येसबा हसायचा. "मेल्यावर दे रं खांदा, आत्ता सूर दे."

त्या काळात मोरशिंग लागोपाठ हरत होतं. हातनळीचा शाहीर बयाजी मोठा पाठांतराचा. पुराणातलं काहीही विचारा, त्याला ठाऊक. मोरशिंगचा डफ इतकी वर्षं थंड राहिला की त्याच्या कातड्याला बुरशी धरली. पोरं येसबाला पाहून घोंगडी बडवायची. यंदा हरलो तर डफ ओढ्यात सोडीन, असं त्यानं देवीसमोर बोलून ठेवलं होतं.

आणि एका सकाळी तो उठला तो भेद ओठांवर घेऊनच. चंद्र नव्हता, सूर्य नव्हता, देवसुद्धा नव्हते, तेव्हा सगळ्यांच्या आधी जागी झाली ती कोण? पंडित म्हणतील माया, कुणी म्हणेल रात्र, कुणी म्हणेल वाणी. उत्तर त्यातलं एकही नव्हतं. उत्तर होतं भूक. आदिमायेला भूक लागली म्हणून तिनं धरती केली, धान्य केलं, खाणारे केले. हे कुठल्या पुराणात नव्हतं. देवीनं झोपेत कानात सांगितलं, असं येसबा म्हणाला. पण काय सांगितलं ते त्यानं कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. सांगितलं फक्त सावळाला, कारण झील धरणाऱ्याला सांगावंच लागतं. दोघं ओढ्याच्या खळग्यात बसून एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन तालीम करायचे.

जत्रेच्या दिवशी येसबानं भेद घातला. सावळानं झील उचलली. आणि बयाजीनं मिशीवरून हात फिरवला, आपल्या फडाकडं वळूनही न बघता थाप दिली आणि गाऊन सांगितलं, भूक.

येसबाच्या हातातला डफ खाली पडला. डफ थांबला, झांज थांबली, माणसांचा श्वास थांबला. सावळाचा सूर मात्र चालूच होता. डोळे मिटून धरलेला, लांब, सरळ. सगळं कोसळलं तरी तो एकटा हवेत राहिला आणि मग सावकाश उतरला. त्याला बिचाऱ्याला डोळे मिटल्यावर जग दिसत नसे. पण लोकांनी ते वेगळंच पाहिलं.

"शाहीर पडला आन ह्याचा सूर हलला न्हाई," कुणीतरी म्हणालं. "ह्याला आधीच ठावं हुतं."

बयाजीला विचारलं, तुला कुणी सांगितलं? तो नुसता हसला. "शान्याला सांगावं लागत न्हाई." त्या हसण्यानं ठिणगीवर फुंकर घातली.

मग एकेक निघायला लागलं. जत्रेच्या आधी सावळाला हातनळीच्या वाटेवर पाहिलं होतं. काखेत गाठोडं होतं. येताना गाठोडं नव्हतं. काय दिलं? आणि बदल्यात काय आणलं? दुसऱ्या दिवशी येसबाच्या अंगणात फड बसला. आनसा दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"हातनळीला गेला हुतास?"

"गेलो हुतो."

"कशापायी?"

सावळानं मान वर केली. त्याची नजर येसबाच्या खांद्यावरून दारापर्यंत आली आणि परत फिरली. "ते माज्याकडनं बोलवायचं न्हाई, शाहीर."

ते गाठोडं आनसाचं होतं. येसबाची धाकटी बहीण चिमा हातनळीला दिली होती. तिच्या नवऱ्यानं बयाजीच्या फडात डफ धरला, तेव्हापासून येसबानं त्या घराशी संबंध तोडला होता. माझ्या घरातला दोरासुद्धा ओढ्यापलीकडं जाणार नाही, असं तो म्हणाला होता. चिमाला पहिला मुलगा झाला. माहेरचं चिटपाखरू गेलं नाही. आनसाला राहवेना. तिनं चोळीचा खण, बाळाचं अंगडं-टोपडं, डिंकाचे लाडू एका फडक्यात बांधले आणि ज्याच्यावर भरवसा होता त्याच्या हाती दिले. कुणाला बोलू नका, एवढंच म्हणाली होती. तो बोलला नाही.

आता तिनं बोलायचं होतं. शब्द दातांपर्यंत आला होता. पण त्याच वेळी तिच्या मनात दुसरंच काही शिरलं. गाठोडं माझं खरं. पण ते देऊन तो सरळ परत आला, हे कुणी पाहिलंय? चिमाच्या आणि बयाजीच्या घराची भिंत एक. बयाजीनं हाक मारली असेल. बसवलं असेल. पुढं काही ठेवलं असेल. गुरवाचं घर गरिबाचं. धूर जसा बंद दाराच्या फटीतून आत येतो तसा तो संशय आला, आणि तिला मनातून हलकं वाटलं. कारण तो दोषी असेल तर तिला काही बोलायची गरजच नव्हती. ती गप्प राहिली.

येसबानं सावळाच्या हातून तुणतुणं घेतलं आणि त्याची तार उतरवली. फडातून काढण्याची हीच रीत.

सावळा म्हणाला, "शाहीर, तुमच्या शब्दाला मी कायम जी जी म्हनलो. आज तुमचा शब्द मला फितूर म्हनतो. ह्याला जी म्हनू का नको, ते तेवढं सांगा."

तो उठला आणि कड्यावरच्या जुन्या देवळात जाऊन राहिला. परत खाली आला नाही.

येसबानं डफ ओढ्यात सोडला. तो बुडाला नाही, वाहिलाही नाही, प्रवाहाच्या उलट जाऊन कड्याच्या पायथ्याशी थांबला, असं म्हणतात. गावानं तो उचलून परत आणला. पण त्यानंतर कित्येक वर्षं येसबाला गाता आलं नाही. दुसरे झीलकरी आणले. एकाचा घसा बसला, दुसऱ्याला ऐन वेळी खोकला लागला. मग लोक म्हणायला लागले, वरचा करतोय.

संशयाचं पीक असंच असतं. ते पेरावं एका वाफ्यात, येतं सगळ्या शिवारात. मोरशिंगची माणसं दारं लावून तालीम करू लागली. खिडक्यांत गोणपाट कोंबू लागली. सावळा वर बसून ऐकतो आणि हातनळीला कळवतो, असं पक्कं झालं. वारा कड्याकडं वाहू लागला तरी गाणं थांबवायचे. मग सख्खे भाऊ एकमेकांपासून चाली लपवू लागले. एका म्हाताऱ्या शाहिरानं मरताना मुलाला जवळ बोलावलं, त्याच्याकडं बराच वेळ निरखून पाहिलं आणि काहीच न सांगता डोळे मिटले. त्याच्याबरोबर त्याची सगळी कवनं गेली. जत्रेत भेद कमी आणि भांडणं जास्त होऊ लागली. दूरच्या गाड्या यायच्या थांबल्या.

वर कड्यावर सावळा देवळाचा दिवा लावी आणि संध्याकाळी एकदा सूर लावी. नुसता सूर, शब्द नाही. धुक्यात वाट चुकलेली माणसं त्या सुराच्या रोखानं चालत येत आणि सुखरूप उतरत. लांडगा मेंढरांवर यायचा तो सूर ऐकून मागं फिरे, असं बिरूचा बाप सांगायचा. ज्यांना त्या सुरानं वाट दाखवली तेही खाली येऊन म्हणायचे, "मानूस भला वाटतो खरा. पन कुनाच्या पोटात काय हाय, कुनी बघितलंय?"

दर चैत्रात आनसा मोरशिंगच्या बायकांबरोबर नैवेद्य घेऊन वर जाई; हातनळीच्या बायका आधीच येऊन गेलेल्या असत. बायका येताना दिसल्या की सावळा उठून देवळामागं जायचा. आपल्याशी बोलताना कुणी दिसली तर खाली तिच्यावर बोट उठेल, म्हणून. आनसा ताट ठेवायची आणि भिंतीकडं बघत थांबायची. तुम्ही केलंत का, एवढंच तिला विचारायचं असायचं. बाकीच्या बायका पायऱ्या उतरू लागायच्या, मग तीही उतरायची. केस पांढरे झाले तरी तिला ठरवता आलं नव्हतं, की ती त्याच्यावर संशय घेते आहे की स्वतःवर.

आणि मग बिरू पाणी प्यायला आला.

येसबा मळ्यातून आला. ऐकून म्हणाला, "बरं." हातपाय धुतले आणि ताटावर न बसता ओसरीच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसला. कड्यावर बिरू आणि त्याच्या भावकीनं माती दिली. गावातलं कुणी गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी चिमा ओढा ओलांडून आली. तिचा तो पहिला मुलगा आता स्वतः बाप झाला होता. भावाच्या त्या शब्दामुळं इतक्या वर्षांत तिनं त्याच्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता. ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि आनसाच्या गळ्यात पडली.

"माज्या लेकाचं तोंड माहेराकडनं पयलं त्यानं बघितलं, वैनी. दारातच गाठोडं दिलं. बस म्हनलं तर बसला न्हाई. पानीसुदिक घेतलं न्हाई. म्हनला, शेजारी तुरेवाले हायेत, कुनी बघितलं तर शाहिराला बोल लागंल. तुजं नाव निघंल म्हनून मी आजवर बोलले न्हाई."

आनसा खाली बसली. तिनं विचारलं, "मग बयाजीला भेद कुनी सांगितला?"

"ते मला काय ठावं."

"भेद तरी काय हुता गं? मला आजवर कुनी सांगितला न्हाई. फुटलेला भेद घरात काढू न्हाई म्हनत्यात."

चिमाला हसू आलं. "अगं, आमच्याकडं पोरंसोरं म्हनत्यात त्यो. दर जत्रंला गात्यात, तुमाला हरवलं म्हनून." आणि तिनं बसल्या बसल्या म्हणून दाखवला.

चंद्र नव्हता, सूर्य नव्हता, धरती नव्हती फुटली
सांग गड्या, त्या अंधारात आधी कोण उठली?

आनसानं तिच्याकडं पाहिलं. मग कोपऱ्यातल्या जात्याकडं पाहिलं. आणि तिच्या तोंडून, कुणी मागितल्यासारखं, आलं.

दिस उगवाया आधी भूक घरात उठली
तिच्यापायी माझे बाई काळी धरतरी फुटली

चिमाचा हात आपसूक जात्याच्या खुंट्याकडं गेला.

"ही तर आपली ववी," चिमा हळू म्हणाली. "तुज्याकडनंच न्हेली मी. आपन दोघी एका खुंट्याला हात लावून दळताना म्हनायचो. हातनळीत समद्या आळीत म्हनत्यात आता. भिंतीपलीकडं बयाजीची बायकू तर रोज..." ती थांबली. पुढचं बोलायची गरज नव्हती.

ती ओवी आनसाच्या आईची. तिच्याही आईची असेल. आनसा ती रोज पहाटे दळताना म्हणायची, आणि पलीकडं गोधडीत येसबा अर्धवट झोपेत असायचा. ओढ्यापलीकडं बयाजी अर्धवट झोपेत असायचा. ज्या भेदासाठी खिडक्यांत गोणपाट कोंबले, तो दोन्ही गावांतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होता. फक्त जात्याकडं कान देणं शाहिरांच्या रीतीत नव्हतं, आणि सामन्याला जाणं बायकांच्या.

आनसा ओसरीवर आली. येसबा तसाच बसला होता.

"अवं, त्यो भेद तुमाला देवीनं दिला न्हाई."

त्यानं मान वळवली.

"मी दळत हुते," ती म्हणाली. आणि तिनं ओवी म्हणून दाखवली. मग थांबली नाही. गाठोड्याचंही सांगितलं. खण, टोपडं, लाडू. सावळानं दाराकडं टाकलेली नजर. आपलं गप्प राहणं.

येसबा भिंतीकडून तिच्याकडं वळून बसला. मग त्यानं विचारलं, "तवा का बोलली न्हाईस?"

"तुमाला भ्याले. आन मग मलाबी वाटाय लागलं, केलं आसंल त्यानं."

"मला तर वाटाय लागाय येळच लागला न्हाई," येसबा म्हणाला.

त्या वर्षीच्या जत्रेत तो माळावर आला. बरोबर आनसा आली, आणि तिच्यामागं चिमा. बायकांना पाहून कुजबुज झाली, पण अडवलं कुणी नाही. येसबानं दोन्ही गावांसमोर सगळं सांगितलं, काही न वगळता. लोकांनी बयाजीकडं पाहिलं. तो आता थकला होता, मिशीवर हात गेला नाही.

"बायकूच्या जात्याखालनं उचलला, आसं चारचौघांत कसं सांगनार?" तो म्हणाला. "लाज वाटली. तुमी त्या गुरवाला काडलंत त्ये कळलं, तवा तर आनकीनच वाटली."

मग येसबानं डफ हातात घेतला. सावळाच्या नावानं एक कडवं त्यानं केलं होतं, त्यात 'माझी चूक' हे शब्द होते. कड्याकडं तोंड करून त्यानं ते गायलं आणि शेवटची ओळ सोडून थांबला. त्या माळाची गोष्ट अशी की तिथून हाक मारली की कडा ती परत देतो. गुराख्यांची देतो, कावळ्यांची देतो, देवळात फुटलेल्या नारळाचीसुद्धा देतो. त्या दिवशी कड्यानं काहीच दिलं नाही. येसबानं ओळ पुन्हा सोडली. पुन्हा नाही. दिवा लागेपर्यंत तो सोडत राहिला आणि माणसं खाली मान घालून ऐकत राहिली. वारा उलटा होता, असं काही जण म्हणाले. कड्यानं आवाज गिळला, असं बाकीचे म्हणतात.

तेव्हापासून वाघजाईच्या माळावर डफाच्या आधी जातं बोलतं. दोन्ही गावांच्या बायका एकेक मूठ धान्य दळून ओवी म्हणतात, आणि मगच सामना सुरू होतो. शाहिरानं भेद आधी जात्याजवळ बसलेल्या बायकांना ऐकवायचा. त्या हसल्या, तर तो भेद मागं घ्यायचा. दरवर्षी दोन-तीन भेद असे परत जातात, आणि ते बघायला लोक आता सामन्यापेक्षा जास्त गर्दी करतात. हरलेल्यांचा डफ जिंकलेले आपल्या हातांनी शेकून देतात. त्या पिठाची भाकरी कड्यावर नेऊन पायरीवर ठेवतात, तिला सावळाची भाकरी म्हणतात. मोरशिंगच्या फडात शाहिराच्या मागं एका माणसाची जागा रिकामी ठेवतात, आणि कुणावर आळ घ्यायची वेळ आली तर पंच आधी विचारतात, "घरातल्या बाईमानसाला इचारलं का?"

एवढं सगळं त्याच्या नावानं होतं. पण सावळा जिवंत होता तोवर गाठोडं कुणी दिलं होतं, हे आनसानं कुणालाच सांगितलं नाही.